वजनाचा रकाना

क्षयरोगाच्या उपचारपत्रिकेवर वजनाचा एक रकाना असतो. रुग्णाची नोंद होते त्या दिवशी तो भरतात आणि पुढे दर महिन्याला भरत राहतात. त्याचा सरकारी उपयोग सरळ आहे. २५ ते ३४ किलोला रोज दोन गोळ्या, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. चार औषधे एकाच गोळीत असल्यामुळे मात्रा वजनाच्या पट्ट्यावरून ठरते, म्हणून काटा लागतो. सोलापूर-तुळजापूर महामार्गावरच्या तामलवाडीत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हे काम करणारी आशाताई, आरोग्यसेविका किंवा क्षयरोग पर्यवेक्षक सुरुवातीला हा रकाना एवढ्यापुरताच भरतात. काही वर्षे हात बसला की तोच रकाना त्यांना निराळा वाचता येऊ लागतो. कोण निभावून जाईल आणि कोणाच्या दारात आठवड्यातून दोनदा उभे राहावे लागेल, याचा अंदाज पहिल्या दोन महिन्यांच्या आकड्यांवरून बांधता येतो. वजन वर सरकत असेल तर घरातले निर्धास्त होतात. अडकून बसले तर गोळ्या नियमित जात असूनही काम करणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते.

या पालीला शरीरशास्त्रात जागा आहे, हे गेल्या तीसेक वर्षांत कळले. ती जागा कातडीखालच्या आणि पोटातल्या चरबीत आहे.

झिजणे हे या रोगाचे नावच आहे. आयुर्वेदाने त्याला राजयक्ष्मा म्हटले आणि दक्षाच्या शापाने कलेकलेने झिजणाऱ्या चंद्राशी त्याचे नाते जोडले. गावातही आजाराचे पहिले वर्णन खोकल्याचे नसते. ‘वाळून चाललाय’, ‘खाल्लेलं अंगी लागंना’, असेच ऐकू येते. वैद्यकाने दीर्घकाळ या वाळण्याकडे रोगाचा परिणाम म्हणून पाहिले : जंतू शरीर खातो, शरीर झिजते. पण उलटा प्रवासही तेवढाच खरा आहे. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१० साली मांडलेल्या हिशेबात, उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक एका अंकाने वाढला की क्षयरोगाचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी उतरते, असे दिसले. म्हणजे माणूस क्षयाने वाळतो आणि वाळलेल्याला क्षय लवकर गाठतो. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या दवाखान्यात आलेल्या १,६९५ रुग्णांच्या नोंदी २०१३ साली प्रसिद्ध झाल्या. निदानाच्या वेळी पुरुषांचे मध्यक वजन ४२.१ किलो होते आणि बायकांचे ३४.१ किलो. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ३४ किलो असेल तर निर्देशांक १५ च्या आसपास येतो. १८.५ च्या खाली माणूस कृश मानला जातो आणि १६ च्या खाली अतिकृश. इकडे मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या पठारावर काम करणाऱ्यांना हे आकडे परके वाटत नाहीत.

वाळलेल्याला क्षय लवकर का गाठतो, ते पाहायचे तर चरबी म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते. जास्तीचे अन्न साठवण्याची कोठी, थंडीतले पांघरूण आणि अवयवांभोवतीची गादी, एवढीच चरबीची ओळख बराच काळ होती. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत अफाट खाणारे आणि अफाट लठ्ठ होणारे उंदीर जन्मले. त्यांच्यात नेमके काय हरवले आहे, याचा छडा १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लावला. चरबीच्या पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात. ते मेंदूला कोठीत किती माल आहे ते सांगते, आणि त्या उंदरांत ते तयारच होत नव्हते. कृश या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव लेप्टिन पडले. पाठोपाठ १९९५ मध्ये ॲडिपोनेक्टिन आणि २००१ मध्ये रेझिस्टिन सापडले. आता अशा रसायनांची यादी बरीच लांबली आहे. अंगावरची चरबी ही एक मोठी, विखुरलेली ग्रंथी आहे, हे त्यानंतर मान्य झाले.

या ग्रंथीचा प्रतिकारशक्तीशी काय संबंध, याचा एक धागा लेप्टिनच्या घडणीतच सापडतो. लेप्टिनचा रेणू आणि तो ज्या कुलपात बसतो ते कुलूप, दोन्ही पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी वापरतात त्या सायटोकाइन घराण्यातली आहेत. ती कुलपे मेंदूत आहेत तशी जंतू ओळखणाऱ्या टी-पेशींवर आणि जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींवरही आहेत. शरीराची रचनाही हेच सुचवते. लसिकाग्रंथी चरबीच्या गादीत रुतलेल्या असतात आणि तिथल्या पेशींना रसद शेजारूनच मिळते.

लेप्टिन काय करते, हे मराठवाड्यातल्या घरधनिणीला कणगीवरून समजावून देता येते. कणगीत जोंधळे किती उरलेत हे पाहून ती सुगीपर्यंतचा हिशेब मांडते. कणगी भरलेली असेल तर कार्य काढायला, चार पाहुणे ठेवून घ्यायला हरकत नसते. तळ दिसू लागला की आधी बाहेरचे खर्च थांबतात. प्रतिकार हा शरीराचा फार मोठा खर्च आहे. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की विश्रांतीतला ऊर्जेचा खप दहा टक्क्यांहून जास्त वाढतो. एका जंतूला ओळखणाऱ्या टी-पेशीच्या हजारो प्रती काढायच्या तर तेवढे ग्लुकोज आणि तेवढी प्रथिने लागतात. लेप्टिन ही कोठीची खबर आहे. ती पोचली की टी-पेशी ग्लुकोज आत ओढू लागतात, दुभंगतात, तगून राहतात, आणि क्षयजंतूविरुद्ध सर्वांत उपयोगी पडणाऱ्या वळणावर जातात. इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप तयार करणे, हे ते वळण. खबर आली नाही तर शरीर हा खर्च आखडते आणि उरलेले हृदय, मेंदू, श्वास यांच्यासाठी राखून ठेवते. ते शहाणपणाचेच असते. पण नेमका त्याच वेळी फुप्फुसात क्षयजंतू बसलेला असेल तर तेच महागात पडते.

इंटरफेरॉन-गॅमाचे मोल क्षयजंतूच्या स्वभावामुळे आहे. भक्षक पेशीने गिळल्यावर इतर जंतू तिच्या पोटातल्या पाचक पिशवीत जिरतात. क्षयजंतू ती पिशवी आपल्यापर्यंत येऊच देत नाही आणि गिळणाऱ्याच्याच पोटात घर करतो. टी-पेशीने इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप दिला तरच भक्षक पेशी चेतून त्याला मारू शकते किंवा निदान गाठीत कोंडून ठेवू शकते. आपल्याकडे कितीतरी माणसे असा कोंडलेला जंतू घेऊन आयुष्य काढतात आणि कधीच आजारी पडत नाहीत. कोंडवाड्याला पहारा लागतो, पहाऱ्याला खर्च लागतो, आणि खर्चाच्या मंजुरीत चरबीचा शब्द चालतो.

पुरावे टप्प्याटप्प्याने आले. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उंदरांना दोन दिवस उपाशी ठेवले, तेव्हा त्यांची टी-पेशींची प्रतिक्रिया मंदावली. उपाशी असतानाच बाहेरून लेप्टिन टोचले, तर ती पूर्ववत झाली. अन्न न देता नुसती कणगी भरल्याची खोटी बातमी दिली आणि शरीराने खर्चाची गाठ सोडली, असा तो प्रयोग होता. माणसातले उदाहरण दुर्मिळ असले तरी बोलके आहे. तुर्कस्तानातल्या एका कुळात लेप्टिनच्या जनुकात जन्मजात बिघाड आहे. त्या कुळातल्या ११ अतिलठ्ठ व्यक्तींपैकी ७ जण बालपणीच संसर्गाने गेले, तर नेहमीच्या वजनाच्या १९ भावंडांतले व नातलगांतले कोणी तसे गेले नाही. अंगावर चरबी भरपूर होती, पण तिची खबर पोचत नव्हती. याहून स्वच्छ पुरावा निसर्गाने क्वचितच दिला असेल. पुढे २००५ मध्ये लेप्टिन नसलेल्या उंदरांना क्षयजंतूचा संसर्ग दिला गेला, तेव्हा त्यांच्या फुप्फुसांत जंतूंची संख्या जास्त आणि इंटरफेरॉन-गॅमा कमी आढळले.

रुग्णांमधला मोजमापाचा उल्लेखनीय अभ्यास इंडोनेशियातला, २००२ चा. क्षयरुग्णांच्या रक्तात लेप्टिन निरोग्यांपेक्षा कमी होते, आणि ते दोन गोष्टींशी बांधलेले दिसले : वजन किती घटले आहे आणि शरीरात दाह किती आहे. सगळ्याच देशांतले निकाल असे एका सुरात नाहीत. काही पाहण्यांत लेप्टिन वाढलेले किंवा जैसे थे मिळाले. कोण किती वाळलेला आहे, बाई आहे की पुरुष, रक्त उपाशीपोटी घेतले की नाही, यांवर आकडा हलतो. बायकांच्या रक्तात लेप्टिन पुरुषांपेक्षा मुळातच बरेच जास्त असते. क्षयरोगाच्या नोंदीत पुरुष जास्त सापडतात त्यामागे हेही एक कारण असेल, असे कोणाला वाटू शकते. पण तंबाखू, दारू आणि कोंदट जागेतले काम ही कारणे इतकी ठसठशीत आहेत की लेप्टिनला त्याचे श्रेय देण्याची घाई नको.

लेप्टिनचा एक गुण क्षेत्रावर काम करणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ते चरबीपेक्षा आधी पडते. एक-दोन दिवसांच्या उपासाने चरबी फारशी घटत नाही, लेप्टिन मात्र झपाट्याने उतरते. धडधाकट माणसाच्या नऊ दिवसांच्या नवरात्राने काही बिघडत नाही. तुळजाभवानीच्या या तालुक्यात सरसकट उपास सोडा असे सांगायला जाणे अविचाराचेही होईल. पण उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत असलेल्या, चाळीस किलोच्या रुग्णाने उपास धरू नये, हे सांगण्याला यामुळे बळ मिळते. आश्विनात सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांनी हा रस्ता भरून वाहतो. त्या दिवसांत घरोघरी ही समजूत घालावी लागते. देवीला आजाऱ्याचा उपास नको असतो, हे वाक्य घरातल्या म्हातारीच्या तोंडून आले तर लवकर पटते. आरोग्य खात्याच्या माणसाकडून आले तर पटेलच असे नाही.

ॲडिपोनेक्टिनचा कारभार उलटा आहे. चरबी वाढते तसे ते कमी होते आणि माणूस वाळतो तसे वाढते. ते दाह शमवते आणि इन्सुलिनचे काम सोपे करते. एरवी हे गुण आहेत. मधुमेहाच्या आणि हृदयरोगाच्या जगात ॲडिपोनेक्टिनची स्तुतीच ऐकू येते. व्हिएतनामची राजधानी हनोई येथील रुग्णांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरुग्णांत ॲडिपोनेक्टिन वाढलेले आणि लेप्टिन घटलेले होते. म्हणजे चेतवणारा आवाज बसला आणि शांत करणारा वाढला. याचा अर्थ ॲडिपोनेक्टिन क्षयरोगात घातकच, असा मात्र काढता येत नाही. फुप्फुसाची नासधूस जंतूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे जास्त होते, तेव्हा शमवणाराही हवा असतो. किती आणि केव्हा, हे अजून कोणी नेमके बांधून दिलेले नाही.

रेझिस्टिनची गंमत निराळी. उंदरात ते चरबीच्या पेशी बनवतात, माणसात मात्र मुख्यतः भक्षक पेशी. नाव चरबीच्या संप्रेरकांत लागले आणि काम दाह भडकवणाऱ्यांत निघाले. हैदराबादच्या संशोधकांनी २०११ मध्ये क्षयरुग्णांच्या रक्तातले रेझिस्टिन उपचारासोबत कसे बदलते ते पाहिले आणि रोग आटोक्यात आल्याची खूण म्हणून ते वापरता येईल का, असा प्रश्न मांडला. तामलवाडीच्या पातळीवर तूर्त त्याचा उपयोग नाही.

आतापर्यंत निरोप चरबीकडून प्रतिकाराकडे जात होते. क्षयरोगात उलट दिशेचीही वाहतूक सुरू होते, आणि खरा घात तिथे आहे. भक्षक पेशी चेतल्या की टीएनएफ नावाचे रसायन सोडतात. जंतूभोवतीची गाठ बांधून ठेवायला ते लागतेच. सांधेदुखीसाठी टीएनएफ रोखणारी औषधे बाजारात आली, तेव्हा काही रुग्णांत दबलेला क्षय उसळला, हे २००१ मध्ये नोंदले गेले. पण हेच रसायन भूक मारते आणि चरबीच्या पेशींतला साठा वितळवते. शरीर झिजवणारे द्रव्य म्हणून ज्याचा शोध घेतला जात होता, ते आणि टीएनएफ एकच निघाले, तेही १९८५ मध्ये. म्हणजे लढाई जितकी लांबते तितकी कणगी रिकामी होते. कणगी रिकामी झाली की लढण्याचा हुकूम मंदावतो. हुकूम मंदावला की जंतू वाढतात आणि लढाई आणखी लांबते. गावात ज्याला ‘पार खंगला’ म्हणतात, तो या फेऱ्यात सापडलेला माणूस. औषध हा फेरा जंतूच्या बाजूने तोडते. दुसऱ्या बाजूने तो अन्नानेच तोडावा लागतो.

औषध सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांत जे दिसते ते याच फेऱ्याचे उलटे फिरणे आहे. ताप जातो, दाह उतरतो, भुकेवरचा दाब निघतो. लेप्टिन तर तळालाच असते, आणि कमी लेप्टिन म्हणजे मेंदूला ‘खा’ असा आदेश. मग भूक खवळते. ‘ताई, या गोळ्यांनी भूक लई लागायली’ ही तक्रार या कामात इतकी नेहमीची आहे की नवा माणूस ती हसण्यावारी नेतो. जुना तसे करत नाही. कारण त्यापाठोपाठ दुसरे वाक्य येते, ‘गोळ्या गरम पडतात’. आणि तिसरे येतच नाही, रुग्ण गोळ्या बंद करतो. ज्या घरात दोन वेळच्या भाकरीचा मेळ बसवताना ओढाताण होते, तिथे एका माणसाची भूक दुप्पट होणे हे संकट वाटते. ती भूक म्हणजे औषध लागू पडल्याची खूण आहे, हे त्याच दिवशी सांगितले तर रुग्ण टिकतो. नुसते सांगून भागत नाही, हेही तितकेच खरे. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यात हा प्रसंग फडावर येतो. पहाटे कोयता हातात घेऊन सुरू झालेला दिवस, पालातला स्वयंपाक आणि उचल फेडण्याचा तगादा यांत खवळलेल्या भुकेला वाटा कुठून काढायचा, याचे उत्तर कोणत्याही पत्रिकेत नसते. दिवाळीनंतर गेलेला रुग्ण चैत्रात परततो, तेव्हा काट्यावरचा आकडा त्या पाच महिन्यांची हकीकत सांगतो.

चरबी सरसकट रुग्णाच्या बाजूची आहे, असे समजणेही चुकीचे ठरेल. क्षयजंतूला स्निग्ध पदार्थांचीच गोडी आहे. तो भक्षक पेशीला चरबीचे थेंब साठवायला लावतो आणि त्यावर गुजराण करतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी फेसाळ दिसतात. २००६ मध्ये तर त्याच्या जनुकद्रव्याचे अंश चरबीच्या ऊतीत सापडले, तेही क्षयाने न मेलेल्या माणसांच्या. प्रयोगशाळेत तो चरबीच्या पेशीत शिरून न वाढता निजून राहतो आणि त्या अवस्थेत आयसोनियाझिड या क्षयरोगाच्या औषधाला दाद देत नाही, हेही तेव्हाच दिसले. कणगीवर पहारेकऱ्याचा हुकूम अवलंबून आहे आणि चोरही कणगीतच दडतो, असा हा पेच आहे.

दुसरी अडचण मधुमेहाची. वजन जास्त असलेल्याला क्षयाचा धोका कमी, हे खरे. मधुमेह असलेल्याला तो सुमारे तिप्पट, हेही खरे. आणि वजन वाढले की मधुमेह येतो. या तीन वाक्यांची सांगड घालायला चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे, हे विचारावे लागते. कातडीखालची चरबी बऱ्यापैकी शांत असते. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी सतत धुमसत राहते. तिथून दाहाची रसायने निघतात, ॲडिपोनेक्टिन घटते, लेप्टिन वाढते पण पेशी त्याला जुमानेनाशा होतात. मधुमेही उंदरांत क्षयजंतूविरुद्ध टी-पेशी मैदानात उशिरा पोचतात, असे दिसले आहे. तोवर जंतूंनी बस्तान बसवलेले असते.

या प्रश्नावर महाराष्ट्राचे स्वतःचे काम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण लहानखुऱ्या मराठी बाळांत स्नायू आणि अवयव कमी भरले होते, चरबी त्या मानाने राखलेली होती. नाळेच्या रक्तातले लेप्टिनही वजनाच्या मानाने कमी नव्हते. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचा निर्देशांक २२.३, चरबी मात्र याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या ९.१ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून चरबीदार असू शकतो, हे याहून थोडक्यात सांगता आले नसते. क्षयरोगाच्या कामाला याचा थेट धडा आहे : हातापायांच्या काड्या आणि पोट पुढे आलेला पन्नाशीचा रुग्ण समोर असेल तर काट्यावरचा ५८ किलोचा आकडा पाहून समाधान मानू नये, त्याची रक्तशर्करा पाहावी. कार्यक्रमात प्रत्येक क्षयरुग्णाची साखर तपासायची असतेच. कामाच्या रेट्यात ती राहून जाते, एवढेच.

आहाराची गोष्ट सरळ रेषेत पुढे गेलेली नाही. सॅनेटोरियमच्या काळात मिरजेजवळच्या वानलेसवाडीपासून अनेक ठिकाणी दूध, अंडी, विश्रांती आणि वजनाची नोंद हाच उपचार होता, कारण दुसरा नव्हता. औषधे आल्यावर १९५६ मध्ये मद्रासला एक प्रसिद्ध चाचणी सुरू झाली. १९३ रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना घरी ठेवून तीच औषधे दिली गेली. सॅनेटोरियममधल्यांना आहार चांगला मिळाला, त्यांचे वजनही जास्त वाढले. तरी घरी गरिबीचे अन्न खाऊन औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले. १९५९ मध्ये आलेल्या या निष्कर्षाने लाखो गरिबांना घरबसल्या उपचार मिळवून दिला, त्याचे ऋण मोठे आहे. पण त्यातून आहाराने फरक पडत नाही असा जो अर्थ काढला गेला, तो त्या चाचणीच्या पदरात नव्हता. थुंकी निर्जंतुक होते का, हा तिचा मुख्य प्रश्न होता. आहार दिला तर अतिकृश रुग्णाचा मृत्यू टळतो का आणि त्याच्या घरच्यांचा रोग टळतो का, हे विचारलेच गेले नव्हते.

ते विचारले गेले साठ वर्षांनी. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे यांचा अभ्यास झाला. सर्व रुग्णांना दरमहा शिधा मिळाला. घरच्यांपैकी काही गटांना मिळाला, काहींना नाही. ज्या घरच्यांना तांदूळ आणि डाळ मिळाली त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि फक्त तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षय धरला तर ४८ टक्क्यांनी कमी राहिले. लस नव्हे, नवे औषध नव्हे, किराणा. रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत वजन एक टक्क्याने वाढले की मृत्यूचा धोका १३ टक्क्यांनी उतरत होता आणि पाच टक्क्यांनी वाढले की ६१ टक्क्यांनी. या चाचणीत लेप्टिन मोजलेले नव्हते. कोणते संप्रेरक किती हलले, हे ती सांगत नाही. पण उंदरांतल्या आणि रक्ताच्या नमुन्यांतल्या पुराव्यांनी जी दिशा दाखवली होती, ती माणसांच्या घरात जाऊन खरी ठरली.

सरकारने निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून रुग्णाच्या खात्यावर दरमहा ५०० रुपये द्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये केले. शिवाय रुग्णाला दत्तक घेणाऱ्या निक्षय मित्रांकडून शिध्याची टोपली येते. पैसे येतात तेव्हा घरातल्या सर्वांत निकडीच्या गोष्टीला लागतात, आणि ती नेहमीच रुग्णाचे ताट असते असे नाही. म्हणून अनुभवी कार्यकर्ती पैशाबद्दल कमी आणि ताटाबद्दल जास्त बोलते. ‘प्रोटीनची पावडर घ्या’ हा सल्ला शहरी झाला. या पट्ट्यात शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६० किलोकॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि शेंगदाण्याची चटणी करायला कोणाला शिकवावे लागत नाही. भाकरीवर दोन चमचे तेल, तुरीचे दाट वरण, हरभऱ्याची उसळ, परवडेल तेव्हा अंडे. रिकामी कणगी भरायची तर स्निग्ध अन्न टाळून चालत नाही. ‘खोकला आहे, तेलकट देऊ नका’ ही घरगुती शिस्त इथे आड येते आणि ती मोडायला एक-दोन भेटी खर्च होतात. याच तालुक्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना भारतवैद्य म्हणून तयार केले. चुलीपाशी बसून बोलणारी, त्याच गावची बाई अशा कामात किती पुढे जाते, हे इथल्या लोकांनी पाहिलेले आहे.

लेप्टिन टोचून क्षय बरा करण्याचा मार्ग आज उपलब्ध नाही, आणि रुग्णाच्या रक्तात ही संप्रेरके मोजण्याची सोय ग्रामीण भागात नाही. ती लवकर येण्याची गरजही नाही. या सगळ्या रसायनांची गोळाबेरीज स्वस्तात दाखवणारे एकच साधन गावात आहे, काटा. तो भुसभुशीत अंगणात न ठेवता सपाट फरशीवर ठेवावा. चप्पल, मोबाइल आणि स्वेटर बाजूला काढायला सांगावे. मागच्या महिन्याचा आकडा पाहून या महिन्याचा अंदाजाने लिहू नये. आणि दुसऱ्या महिन्याअखेर वजन जागचे हलले नसेल तर तीन प्रश्न त्याच बैठकीत विचारावेत : गोळ्या रोज जातात का, साखर तपासली का, रात्री ताटात काय होते. झारखंडच्या रुग्णांत ज्या पाच टक्क्यांनी मृत्यूचा धोका निम्म्याहून खाली आणला, ते चाळीस किलोच्या रुग्णासाठी दोन किलो होतात.